खालचे दोन पंखे

मी भित्री आहे हे सिल्वासाजवळच्या मसाटच्या औद्योगिक वसाहतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. १९९४ साली शेजारच्या कारखान्याचा भोंगा भलत्या वेळी वाजला, तेव्हा मधुबन धरण फुटलं असं समजून मी अख्खं ऑफिस गच्चीवर चढवलं होतं. वर गेल्यावर कळलं, भोंग्याचं बटण अडकलं होतं. पुढच्या वर्षी आवारातल्या रबरी नळीला मी नाग समजले आणि पहारेकऱ्याने तिला काठीने बदडून तिचे दोन तुकडे केले. "शैलजाबाई घाबरल्या म्हणजे समजावं, सगळं ठीक आहे," असं आमचे मॅनेजर प्रभाकरभाई आल्यागेल्याला सांगायचे. ते मूळचे गिरगावचे, पण सिल्वासात पंधरा वर्षं काढली की गिरगावकराचाही भाई होतो.

१९९७च्या दसऱ्याला मात्र माझी भीती खरी होती, आणि त्या भीतीचं कारण मीच होते. त्या दिवशी मी काय केलं, ते आजवर कोणाला सरळ सांगितलेलं नाही. आज सांगते.

आमच्या कंपनीचं नाव सांगत नाही, तिची दुकानं अजून आहेत. मुंबई-दिल्लीत तिचे झगझगीत शोरूम होते. घड्याळं, चामड्याच्या पर्सेस, अत्तरं असा माल. किंमत न विचारता घेणारं गिऱ्हाईक. मसाटच्या इमारतीत अत्तर भरायचं काम चालायचं. एक लांबलचक हॉल आणि त्याला चिकटून माझं ऑफिस. ड्रममधून सुगंधी स्पिरिट यायचं, मशीनवर ते नक्षीदार बाटल्यांत भरलं जायचं, बायका प्रत्येक बाटलीला रेशमी फीत बांधून ती खोक्यात निजवायच्या. मालाला उष्मा सोसत नाही म्हणून हॉल बारा महिने गारेगार. बाटल्या एसीत आणि आम्ही ऑफिसवाले पंख्याखाली, असा न्याय.

स्पिरिट म्हणजे पेटायला निमित्त शोधणारी वस्तू. म्हणून हॉलमधली सगळी बटणं भिंतीच्या बाहेर काढलेली होती आणि आत काडीपेटी न्यायला सक्त बंदी होती. गेटवर पहारेकऱ्याकडे बिस्किटांचा रिकामा डबा असे. सकाळी सगळ्यांनी आपापल्या काडीपेट्या त्यात टाकायच्या आणि संध्याकाळी उचलायच्या. संध्याकाळी कोणाची कुठली यावरून रोज थोडी बोलाचाली व्हायची, पण सहा वर्षांत नियम कोणी मोडला नव्हता.

त्या वर्षी जूनमध्ये हेड ऑफिसचं पत्र आलं. कंपनीच्या परदेशी भागीदारांनी ठरवलं होतं की आपल्या सगळ्या इमारतींनी वीज कमी जाळायची, पाणी कमी वापरायचं, कचरा कमी करायचा. पृथ्वीवरचा भार हलका करा, असा एकूण सूर. पत्राचं मराठी करून फळ्यावर लावायचं काम माझ्याकडे आलं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्या कामाचं वेडच लागलं. छपराच्या पत्र्याला चुना मारून घेतला. मधले चार पत्रे काढून पारदर्शक बसवले, दिवसाच्या ट्यूबलाइट बंद झाल्या. पावसाचं पाणी टाकीत वळवलं. दारांच्या फटींना रबरी पट्ट्या लावल्या आणि वर मीच पाटी लिहिली, "दार लावा, गारवा वाचवा". आयुष्यभर मी नुसती घाबरत आले होते, पहिल्यांदाच माझ्या हातून काहीतरी चांगलं होत होतं.

कामगारांसाठी सूचनापेटी ठेवली होती. तिच्यात सगळ्यात चांगली ठरलेली सूचना माझीच निघाली.

हॉलच्या मागच्या भिंतीत, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर, दोन पंखे होते. आतली हवा ओढून बाहेर टाकणारे. ते माझ्या खिडकीच्या बरोबर बाजूला होते आणि रात्रंदिवस चालायचे. सहा वर्षं त्यांची घरघर ऐकून माझं डोकं उठलं होतं. मी लिहिलं, "आपण वीज जाळून हवा थंड करतो आणि तीच हवा या पंख्यांनी बाहेर फेकून देतो. पंखे बंद करून भोकं बुजवावीत." मुंबईहून तारीफ आली. हिशेब बिनतोड होता ना! आणि माझ्या कानालाही आराम मिळणार होता, हे मी अर्थातच लिहिलं नाही.

आमचा इलेक्ट्रिशियन भास्कर पारोळ्याकडचा. कमी बोलायचा, पण बोलला की अडवायचाच. भोकं बुजवायला लाकडी फळ्या घेऊन आला आणि तसाच उभा राहिला.

"मॅडम, पंखा वर बसवेल असता तर समजलो असतो," तो म्हणाला. "इतका खाली बसवला म्हणजे कुछ तो कारण असंल ना?"

"भास्कर, तुम्हाला काम नको असतं आणि मला ही घरघर नको आहे," मी म्हणाले.

त्याने फळ्या ठोकल्या, कडा पुट्टीने भरल्या. गणपती बसण्याआधीचा सोमवार होता तो. त्या दिवशी ऑफिसात इतकी शांतता झाली की मला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. महिन्याभरात विजेचा आकडा चौथ्या हिश्शाने उतरला. माझा फोटो चौकटीत बसवून गेटपाशी लावला, खाली "पर्यावरण मित्र". माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, मी मुद्दाम गेटपर्यंत आणून तो दाखवला. तो सिल्वासाच्या सरकारी हायस्कुलात संस्कृत शिकवायचा. "फोटोत तू अजिबात घाबरलेली दिसत नाहीस," एवढंच म्हणाला आणि हसला.

नवरात्र बसलं आणि पॅकिंगच्या बायकांना चक्कर येऊ लागली. सरुबाई नंदुरबारकडची, कामाला सगळ्यांत वाघ. तिचा नवरा झिपरू त्याच हॉलमध्ये ड्रम हलवायचा, आणि गुड्डी नावाची पोर त्यांनी गावी आजीकडे ठेवली होती. चौथ्या माळेला सरुबाई माझ्या टेबलाशी येऊन मटकन खाली बसली.

"ताई, माले चक्कर यी ऱ्हायनी. डोकं जड जड वाटस."

"नऊ दिवसांचे उपास करता आणि वर आठ तास उभ्या राहता. चक्कर नाही येणार तर काय येणार?" मी म्हणाले, आणि तिला राजगिऱ्याचा लाडू दिला. हॉलमधल्या सगळ्याच बायका उपास करत होत्या, त्यामुळे कोणालाच यात काही वेगळं वाटलं नाही. झिपरूलाही गरगरायचं, पण तो उपास करत नव्हता. त्याच्यासाठी वेगळं कारण सगळ्यांनी मनात धरलं होतं. ते बिचाऱ्यावर अन्याय करणारं होतं, तो घोटभरही घेत नसे.

दसऱ्याला यंत्रांची पूजा. दरवर्षी ती बाहेर शेडमध्ये, विजेच्या मोठ्या पेटीपुढे व्हायची आणि श्रीकांत ती सांगायचा. त्या वर्षी मुंबईहून पाहुणे येणार होते. इमारतीने विजेची एवढी बचत केली, तिचे फोटो काढून परदेशी पाठवायचे होते. म्हणून प्रभाकरभाईंनी ठरवलं की पूजा हॉलमध्येच करायची, मशीनपुढे, नव्या उजेडात. बाटल्या भरणारं मशीन, झेंडूची तोरणं, नऊवारीतल्या बायका, समई. फोटोत आणखी काय हवं?

काडीपेटी पूजेच्या ताटातून आत गेली. पहारेकऱ्याने ती पाहिली होती. पण देवाच्या काडीला कोण अडवणार?

सकाळी अकराला दहा कमी असताना प्रभाकरभाईंनी मला सांगितलं, पाहुण्यांना दाखवायला इमारतीची जुनी फाइल काढून ठेवा, आधी काय होतं आणि आता काय केलं ते त्यांना समजेल. मी कपाटाच्या तळातून १९९१ची फाइल काढली. इमारत बांधून ताब्यात देताना इंजिनीअरने लिहिलेलं दोन पानी इंग्रजी पत्र तिच्यात होतं. ते मी आधी कधीच वाचलं नव्हतं. कोण वाचतं असली पत्रं?

दुसऱ्या पानावर पंख्याच्या चित्राखाली लिहिलं होतं: जमिनीलगतचे दोन पंखे हॉलमध्ये ड्रम आहेत तोवर चोवीस तास चालू राहिले पाहिजेत. स्पिरिटची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, खाली बसते, आणि दिसत नाही. पंखे बंद झाल्यास हॉल ताबडतोब रिकामा करावा. ठिणगीदेखील पडू देऊ नये.

ते मी एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायला डोळ्यांनी नकार दिला. मला सरुबाईची चक्कर आठवली. मग झिपरूची. मग रबरी पट्ट्या लावलेली दारं. पाच आठवडे! पाच आठवडे ते सगळं आत खाली साचत होतं आणि त्यात माझा नवरा पाट मांडून, जमिनीवर, समोर काडीपेटी घेऊन बसला होता.

पत्र कमरेला खोचून मी धावत हॉलच्या दाराशी गेले. आत सव्वीस माणसं उभी होती. मशीनपुढे सतरंजीवर श्रीकांत मांडी घालून बसला होता. कलश मांडून झाला होता, सुपारीचा गणपती झाला होता, समईत तेल घालून वाती त्याने बोटांनी नीट केल्या होत्या. पाहुणे आले की त्यांच्यासमोर समई पेटवायची असं ठरलं होतं. काडीपेटी त्याच्या गुडघ्याशी होती. तो खाली वाकून हळदकुंकू वाहत होता, आणि त्याचं नाक जमिनीपासून हातभर अंतरावर होतं. हॉलमध्ये मोगऱ्याचा नेहमीचा वास दरवळत होता. त्या वासात वर्षानुवर्षं राहून आम्हा कोणालाच तो कमी झाला की वाढला हे कळेनासं झालं होतं.

मी तिथेच ओरडायला हवं होतं. का ओरडले नाही, ते सांगते. एक तर धरण आणि नाग माझ्या मानगुटीवर बसलेले होते. माझं कोणी खरं मानलं नसतं. दुसरं कारण वाईट आहे. ओरडले असते तर पंखे कोणी बंद करायला लावले हेही सांगावं लागलं असतं. गेटवर माझा फोटो होता आणि पाहुण्यांची गाडी कुठल्याही क्षणी वळणार होती. माझ्या मनात एवढंच आलं: याला बाहेर काढ. आधी याला बाहेर काढ, मग बाकीचं बघू.

पूजेवरून माणसाला उठवायचा एकच हुकमी उपाय असतो.

"श्रीकांत," मी दारातूनच म्हणाले, "ऊठ. गुहागरहून फोन आला होता. बाबा गेले."

माझे सासरे, त्याचे वडील. सत्तर वर्षांचे, धडधाकट, रोज पहाटे उठून पोफळीच्या बागेत शिंपण करणारे. त्यांना मी एका वाक्यात मारलं.

श्रीकांतने वर पाहिलं. त्याचा हात कुंकवाच्या वाटीतच राहिला. "बाबा?" तो म्हणाला. मग उठला, पूजेतल्या कशालाही धक्का लागू न देता मागे सरकला आणि माझ्याकडे चालत आला. सुतक लागलेल्या माणसाला वाट द्यावी तशी सगळ्यांनी वाट दिली. प्रभाकरभाईंनी हात जोडले. बायकांनी चुकचुक केली. मी त्याचा दंड धरून त्याला ओढतच बाहेर नेलं, आवाराच्या पार टोकाला, कडुलिंबाखाली. तो पारावर बसला आणि त्याने तोंड ओंजळीत घेतलं. त्याचे खांदे हलायला लागले.

मला मोकळा श्वास आला. ते लिहिताना लाज वाटते, पण आला. माझा माणूस बाहेर होता.

तेवढ्यात गेटवर हॉर्न वाजला. आणि हॉलमधून प्रभाकरभाईंचा आवाज आला, "पाहुणे आले. पूजा मांडलीय, मोडायला नको. सरुबाई, तू सवाष्ण आहेस, तू पेटव समई. घे काडीपेटी."

सरुबाईला असा मान कधी कोणी दिला नव्हता. दरवर्षी ती शेडच्या कोपऱ्यात उभी राहून प्रसादाची वाट बघायची. मला तिचा चेहरा न बघताही दिसला. मी वळले आणि धावले. साडी पायात येत होती, दम लागला होता, आणि हॉलचं दार जवळ येण्याऐवजी लांब जातंय असं वाटत होतं. आतून भक्कन उजेड येईल, या एकाच गोष्टीची मी वाट बघत होते. पळता पळता मी डोळे अर्धे मिटून घेतले होते.

सरुबाई सतरंजीवर बसली होती. काडी पेटीतून काढून बोटांत धरली होती.

"थांब! पेटवू नकोस!" मी ओरडले. "खालचे पंखे बंद आहेत. आत वाफ साठलीय, भडका उडेल. सगळे बाहेर चला. माझी चूक आहे, मीच बंद करायला लावले ते पंखे!"

मागून कोणीतरी पुटपुटलं, "परत धरण फुटलं वाटतं." दोघंतिघं हसले.

प्रभाकरभाई जवळ आले. माणूस वाईट नव्हता. हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्यावर प्रसंग आलाय. अशा वेळी मन ठिकाणावर नसतं. तुम्ही बाहेर बसा, मी गाडीची सोय करतो. सुतकात इथे आत येऊ नये." मग मागे वळून म्हणाले, "सरुबाई, चालू दे."

सरुबाईने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि काडी पेटीच्या कडेला टेकवली.

खरं बोलून उपयोग झाला नाही. माझ्या हातात उरलं होतं ते फक्त माझं खोटं. मी प्रभाकरभाईंच्या हाताखालून वाकून सतरंजीवर गेले आणि दोन्ही हातांनी कलश धरला.

"मला सुतक आहे," मी मोठ्याने म्हणाले. कलशावरच्या नारळाला हात लावला. सुपारीच्या गणपतीला लावला, फुलांना लावला, समईची दांडी मुठीत धरली. शेवटी सरुबाईचा हात काडीपेटीसकट घट्ट पकडला. "तुलाही शिवले. सगळं शिवलं. आता करा इथे पूजा!"

बायका किंचाळून मागे सरल्या. कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. सरुबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिच्या आयुष्यातला एक मान मी भर सभेत बाटवला होता. प्रभाकरभाईंचा चेहरा लालबुंद झाला. पाहुणे दारात उभे होते, एकाच्या गळ्यात कॅमेरा.

"बाहेर चला सगळे," ते दातओठ खात म्हणाले. "बाहेर, अंगणात. नवं सामान मांडा. भटजी बोलवा कुठून तरी. हिला आधी कोणीतरी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. माणसं भराभर बाहेर पडली. माझा विटाळ नको म्हणून पडली. माझ्या शब्दाने एकही जण हलला नव्हता, सुतकाने पंचवीस हलले.

मागे राहिला तो भास्कर. मी इंजिनीअरचं पत्र त्याच्यापुढे धरलं. इंग्रजी त्याला जेमतेम यायचं, पण पंख्याचं चित्र आणि त्याखालची लाल रेघ त्याला पुरली. तो मशीनमागे गेला. फरशीत पाणी जायची नाली होती, तिच्यावर फळ्या झाकलेल्या. सतरंजी नेमकी त्या फळ्यांवरच अंथरली होती. त्याने अलगद एक फळी उचलली आणि तशीच परत ठेवली.

"बाहेर चला, मॅडम," तो म्हणाला. "नाली भरेल शे."

नाली स्पिरिटने भरली होती, एका ड्रमची तोटी झिरपत होती. कधीपासून, देव जाणे. खालचे पंखे चालू होते तोवर तो ओलावा रोजच्या रोज उडून बाहेर जात होता. मी भोकं बुजवली आणि थेंब थेंब साठत राहिला.

बाहेर येऊन भास्करने सगळी दारं सताड उघडून टाकली. प्रभाकरभाईंनी आता पत्र वाचलं होतं. ते घाईघाईने म्हणाले, "मग फळ्या काढा आणि पंखे चालू करा ना!"

"कोणी बटणाला हात लावायचा नाही!" भास्कर असा खेकसला की मॅनेजरसाहेब दोन पावलं मागे गेले. "आता पंखा चालू केला तर पहिली ठिणगी त्याचीच पडंल. आपोआप हवा खेळू द्या."

पंखे चालू करावेत हा माझाही पहिला विचार होता. हॉलच्या बाहेर बटणापाशी मी क्षणभर थबकलेही होते.

दोन तासांनी भास्कर आत गेला आणि नालीतून एक तांब्या भरून घेऊन आला. आवाराच्या टोकाला, सगळ्यांना लांब उभं करून, त्याने तो एका दगडावर ओतला आणि पेटती काडी टाकून मागे उडी मारली.

काहीच दिसलं नाही. दुपारचं लख्ख ऊन होतं. "पेटलं कुठे?" पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला. दगडावरची हवा मात्र थरथरत होती. प्रभाकरभाईंच्या हातात आपट्याच्या पानांची डहाळी होती. त्यांनी पुढे होऊन एक पान दगडावर टाकलं. पान हवेतच आक्रसलं, काळं पडलं आणि राख होऊन उडून गेलं.

कॅमेरावाल्याने फोटोही काढला नाही. मी मनातल्या मनात तांबे मोजत होते. हॉलभर लांबीच्या नालीत असे किती तांबे असतील?

याच सुमारास गेटच्या केबिनमधून श्रीकांत बाहेर आला. त्याने गुहागरला फोन लावला होता. लाइन मिळायला इतका वेळ लागला होता.

"बाबांनीच फोन उचलला," तो मला म्हणाला. चेहरा पांढराफटक. "मी रडतोय हे ऐकून त्यांनाच कळेना काय झालं ते. मग सांगितलं. तर हसायला लागले. खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणाले. सूनबाईला म्हणावं, अधूनमधून उठवत जा." तो हसला नाही. दगडाकडे, उघड्या दारांकडे, माझ्याकडे बघत राहिला. त्याला काय घडलं ते कोणीतरी सांगितलं असावं. "तू मला उठवायला हे केलंस?"

मी मान हलवली. त्याने माझा हात धरला. त्याच्या बोटांना कुंकू होतं.

सासरे हयात असल्याने सुतकही उरलं नाही. तीन वाजता अंगणात नव्याने पूजा झाली. श्रीकांतने मंत्र म्हटले, प्रभाकरभाईंनी स्वतः सरुबाईच्या हातात काडीपेटी दिली, तिने समई पेटवली. काडी ओढली गेली तेव्हा उघड्यावर असूनही मी कान झाकून घेतले. गेटवरचा माझा फोटो मी संध्याकाळी स्वतः उतरवला. पुढे भास्करच्या सांगण्यावरून ड्रमांसाठी बाहेर वेगळी खोली बांधली, पंखे तिकडे नेले, हॉलची वीज पहिल्यापेक्षाही कमी झाली, आणि त्या सूचनेखाली भास्करचं नाव लागलं. असो. ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी पूजा आटोपल्यावर सगळे एकमेकांना सोनं द्यायला लागले. माझ्याकडे लोक जरा जास्तच आदराने येत होते. "बाई, तुमच्यामुळे वाचलो," असं म्हणत होते. काहीजणी वाकून नमस्कार करत होत्या. मी ते घेत होते. बरं वाटत होतं, नाही कसं म्हणू? कोणालाच घटनांचा क्रम आठवत नव्हता. गडबडीत आधी काय झालं आणि मग काय, कोण लक्षात ठेवतं?

सगळ्यात शेवटी सरुबाई आली. तिने माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, पण हात लगेच मागे घेतला नाही. आवाजात राग नव्हता. मला खरंच माहीत करून घ्यायचंय, अशा सुरात ती बोलली.

"ताई, तुमले ते कागद वाचीसन आधीच समजेल व्हतं ना? सरांले उठाडं, तव्हा?"

मी पानाकडे बघत राहिले. तिला जे समजायचं ते समजलं.

पलीकडे झिपरू प्रसादाचा द्रोण हातात घेऊन तिची वाट बघत उभा होता. ती त्याच्याकडे वळली, आणि वळता वळता म्हणाली,

"गुड्डीना बाप बी आतच व्हता, ताई."